बादलीतला पालक आणि ‘हायड्रो’चा गोंधळ

आमच्या गॅलरीत रंगाची एक रिकामी बादली आहे, वीस लिटरची. झाकणाला सहा भोकं, प्रत्येक भोकात जाळीचा छोटा कप, कपात कोकोपीट आणि त्यातून वर आलेला पालक. परवा सोसायटीची मीटिंग संपल्यावर तिसऱ्या मजल्यावरचा, हिंजवडीला नोकरी करणारा मुलगा ती बघायला आला. बादलीभोवती एक चक्कर मारली आणि आवाज खाली आणून म्हणाला, “काका, हे हायड्रो ना? म्हणजे पोलीस पकडतात तेच?”

हसू आलं, पण दोष त्याचा नाही. हा शब्द त्याच्यापर्यंत पोचला तोच बातम्यांतून. बँकॉकहून उतरलेल्या प्रवाशाच्या बॅगेत ‘हायड्रोपोनिक गांजा’, किंमत किलोला एक कोटी; मुंबई विमानतळावरची अशी जप्ती आता पेपरच्या आतल्या पानावर जाते. पिंपरी-चिंचवडमध्ये निम्मे लोक भाड्याच्या फ्लॅटमध्ये आणि सगळे मोबाइलवर, त्यामुळे या शब्दाभोवती कट्ट्याकट्ट्यावर बरंच काही साचलं आहे. त्यातलं थोडं उपसून बघू.

“हायड्रो ही गांजाची नवी जात आहे”

जात नव्हे, ती रोप वाढवण्याची रीत आहे. मातीऐवजी पाण्यात विरघळलेल्या क्षारांवर रोप वाढवायचं, एवढाच तिचा अर्थ. युलियस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० च्या दशकात, रोपाला कोणते क्षार लागतात हे शोधताना ती वापरली. ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द कॅलिफोर्नियाच्या विल्यम गेरिक यांनी १९३७ मध्ये रूढ केला, तेही टोमॅटो वाढवताना. भारतात जेम्स शोल्टो डग्लस यांनी १९४६ साली कालिम्पाँगला प्रयोग सुरू केले आणि गोरगरिबांना परवडेल अशी खडी-वाळूवरची ‘बंगाल पद्धत’ बसवली. तिच्यावरचं त्यांचं पुस्तक १९५१ चं. या साऱ्या प्रवासात गांजा कुठेही नाही.

आम्हा पिंपरीकरांना तर मातीविना वाढवण्याचं अप्रूप वाटायलाच नको. १९५४ साली स्थापन झालेल्या एचए कंपनीत, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, पेनिसिलिनची बुरशी मोठाल्या टाक्यांतल्या द्रवातच वाढायची. बुरशी म्हणजे रोप नव्हे, मान्य. पण जिवाला लागतं ते खाणं पाण्यातून मोजून द्यायचं, हा हिशेब तोच. घराघरांत बाटलीत ठेवलेला मनी प्लांट आणि जुन्या लोकांनी ग्लासात डोळे फुटायला ठेवलेलं रताळं, हेही त्याच गोत्रातलं. तळेगावच्या पॉलिहाउसांतला गुलाब माती सोडून कोकोपीटवर वाढताना दिसला तर त्यालाही कोणी ‘हायड्रो’ म्हणून नाक मुरडत नाही.

“त्याला पंप, टायमर आणि लाखभराची यंत्रणा लागते”

नळ्यांतून पाणी फिरवणाऱ्या शेतीचे व्हिडिओ बघून असं वाटतं. पण पाणी न फिरवता, विजेशिवाय चालणारी रीतही आहे. हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅट्की यांनी ती लेट्यूसवर घासूनपुसून मांडली आणि आता ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. माझी बादली त्यातलीच.

एकदा झाकण उचलून आत बघा. वीस दिवसांपूर्वी पाणी कपाच्या तळाला टेकलेलं होतं, आज ते चार बोटं खाली गेलंय. पाण्यात बुडालेली मुळं लांब, सुतासारखी, पांढरी. वरच्या रिकाम्या, दमट जागेतली मुळं मात्र आखूड आणि बारीक केसाळ, जणू कापूस पिंजून चिकटवलाय. सगळं गुपित या वरच्या मुळांत आहे. खालची मुळं पाणी आणि क्षार ओढतात, वरची हवेतून प्राणवायू घेतात. पाणी जसं खाली जातं तशी हवेची जागा आपोआप वाढते, म्हणून पंप लागत नाही.

हे माहीत नसल्यामुळे माझी एक अख्खी बादली गेली. पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी. पाण्याच्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं काठोकाठ भरून ठेवायचं, ही सवय आता आमच्या हाडात भिनली आहे. गावाहून आलेल्या सासूबाईंना ती दोन दिवसांत लागली. त्यांनी सकाळी सगळी पिंपं भरली आणि जाता जाता माझी बादलीही गळ्यापर्यंत भरली. हवेतली मुळं बुडाली. तिसऱ्या दिवशी पालकाने माना टाकल्या, आणि पाणी असून रोप सुकतं कसं, हे त्यांना पटवताना माझी पुरेवाट झाली. या रीतीत पाणी घालायचंच झालं तर थोडं, पातळी निम्म्याच्या वर न नेता. काठोकाठ कधीच नाही.

त्याच्याही आधीची एक बादली मी माझ्याच हाताने घालवली होती. कृषी केंद्रात १९:१९:१९ मिळतं. त्यात नत्र, स्फुरद, पालाश आहे पण कॅल्शियम नाही, म्हणून कॅल्शियम नायट्रेट वेगळं आणलं आणि दोन्ही एकाच मगात दाट कालवलं. मगाच्या तळाशी चुन्यासारखा पांढरा गाळ बसला. कॅल्शियम आणि फॉस्फेटची गाठ पडून दोन्ही तळाला गेली, पाण्यात नुसतं नाव राहिलं. आता एक आधी भरपूर पाण्यात विरघळवतो, मग दुसरं. ही विद्या काही लाखाची नाही, दोनशे रुपयांच्या चुकांतून येते.

“पाण्यातला गांजा म्हणून जास्त कडक”

सगळ्यांत खपणारा गैरसमज हाच, आणि किलोला कोटीचा भावही यावरच उभा आहे. गांजाची नशा येते टीएचसी या द्रव्याने. ते किती असणार हे मुख्यतः रोपाच्या वाणावर आणि मादी फुलं बिनबियांची राहिली की नाही यावर ठरतं. मूळ पाण्यात आहे की मातीत, यावर नाही. पाण्यात टीएचसी नसतं, खतातही नसतं. ते रोप स्वतः बनवतं.

बिनबियांच्या मादी फुलांची युक्तीही जुनीच. सध्याच्या बांगलादेशातल्या नौगावच्या सरकारी देखरेखीखालच्या शेतांत ब्रिटिशांच्या काळी जाणकार माणूस बोलावून नर झाडं उपटवून टाकत, आणि या माणसाला ‘गांजा डॉक्टर’ म्हणत. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या सात खंडी अहवालात या शेतीचं खुलासेवार वर्णन आहे. तिथे ना दिवे होते ना पाण्याच्या टाक्या.

खरं तर पाण्यातलं पीक जमिनीतल्या पिकापेक्षा आपोआप सरस ठरतं हा दावा १९३८ सालीच कोसळला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या होगलँड आणि आर्नन यांनी टोमॅटो चांगल्या जमिनीत, वाळूत आणि पाण्यात लावून तुलना केली आणि फरक नगण्य निघाला. गेरिक यांच्या गाजावाजाला दिलेलं ते उत्तर होतं.

गांजा पूर्वीपेक्षा कडक झालाय, एवढं मात्र खरं. अमेरिकेत जप्त मालाच्या नमुन्यांत १९९५ मध्ये सरासरी सुमारे ४ टक्के असलेलं टीएचसी २०१४ पर्यंत सुमारे १२ टक्क्यांवर गेलं. हे वाण निवडून, त्यांचा संकर करून घडलं. ‘हायड्रो’ हे त्या मालाला चिकटलेलं लेबल आहे. पुड्यांच्या बाजारात ते ‘इंपोर्टेड’ म्हणून चालतं, एरवी त्यातून काही कळत नाही.

आपल्याकडे पकडला जाणारा बहुतेक गांजा तर साध्या मातीतला. आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगरांतून ट्रकने येणारा, किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूर तालुक्यात दुसऱ्या पिकांच्या आडोशाने लावलेला.

“माती नाही, म्हणजे कीड नाही, म्हणजे शुद्ध”

माझ्या पालकावर मावा येतो. मुळं कुजतात. झाकणातून उजेड आत गेला तर पाणी हिरवं होतं आणि शेवाळ क्षार खातं, म्हणून बादली बाहेरून काळी रंगवावी लागली. बंद खोलीत दमट हवेत बुरशी तर अधिकच. आणि बेकायदा मालात काय फवारलं, कुठली बुरशी बसली, हे तपासणारी प्रयोगशाळा कोणाच्या बापाची? पालक निदान मी स्वतः धुऊन खातो.

“आपल्यापुरती दोन रोपं घरात लावली तर चालतं”

नाही चालत. कट्ट्यावरचे सगळे वकील इथेच घसरतात, म्हणून इथे जरा थांबू.

गांजाचा कायदा म्हणजे १९८५ चा एनडीपीएस. त्याच्या कलम ८ ने कॅनाबिसचं कोणतंही रोप लावायला मनाई केली आहे, आणि कलम २० च्या पहिल्याच पोटकलमात त्याची शिक्षा आहे: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. रोपं किती, शेतात की फ्लॅटमध्ये, मातीत की बादलीत, विकायला की ओढायला, असा भेद त्यात कुठेच नाही. कायदा रोप बघतो, कुंडी बघत नाही.

गोंधळ होतो तो ‘अल्प प्रमाणा’मुळे. गांजाचं अल्प प्रमाण एक किलोपर्यंत आणि व्यापारी प्रमाण वीस किलोच्या वर, हे बऱ्याच जणांना तोंडपाठ असतं. पण ही मापं बाळगणं, विकणं, वाहून नेणं यांसाठी आहेत. अल्प प्रमाणाला शिक्षा एक वर्षापर्यंत, व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षं. लागवडीला हा तराजूच लावलेला नाही. आणि अल्प प्रमाण म्हणजे माफी, असंही कुठे म्हटलेलं नाही. तोही गुन्हाच, शिक्षा कमी एवढंच.

दुसरी पळवाट सांगतात भांगेची: “पानं तर कायद्यात नाहीत!” अर्धं खरं. एनडीपीएसमधल्या गांजाच्या व्याख्येत फुलोरा येतो, त्याच्याशिवायची सुटी पानं आणि बिया येत नाहीत. पण पानासाठी रोप लावाल तर ती लागवडच झाली. शिवाय महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा अंमल आहे, परवान्याशिवाय ती बाळगता येत नाही. होळीच्या दिवशी सगळेच पितात हा युक्तिवाद कोर्टात कोणी करून पाहू नये.

फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांनी कलम २५ वाचून ठेवावं. आपल्या खोलीत असा गुन्हा चाललाय हे माहीत असून जो तो चालू देतो, त्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. माहीत नसेल तर गोष्ट वेगळी. पण “भाडं वेळेवर येतंय, मला काय करायचंय” म्हणत काणाडोळा करणाऱ्याला ती सवलत नाही. वाकड-हिंजवडीकडे एकेका मालकाचे तीन-तीन फ्लॅट आणि मालक स्वतः साताऱ्याला, अशी स्थिती असते. २०२४ साली ग्रेटर नोएडात फ्लॅटमध्ये कुंड्या मांडून केलेली लागवड पोलिसांनी पकडली होती, ती अशाच उंच इमारतींच्या वसाहतीत.

“थायलंडमध्ये खुला आहे, उत्तराखंडातही परवानगी आहे”

थायलंडने जून २०२२ मध्ये बंधन उठवलं आणि जून २०२५ मध्ये फुलांसाठी डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची करून ते पुन्हा आवळलं. तिथे काय चालतं याच्याशी इथल्या कस्टम्सला देणंघेणं नाही. उत्तराखंडने २०१८ मध्ये परवाना दिला तो धाग्यासाठीच्या औद्योगिक हेम्पला, टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत असलेल्या वाणाला. त्याचा दोर वळता येतो, नशा होत नाही. हेम्पच्या बिया आणि त्यांचं तेल खाण्याला एफएसएसएआयने २०२१ मध्ये मान्यता दिली, तीही परवानाधारक उत्पादकांच्या मालापुरती.

“वनस्पती आहे, तिचं व्यसन लागत नाही”

ओढणाऱ्या दर दहा-अकरा जणांत एकाला ते लागतं आणि किशोरवयात सुरुवात केलेल्यांत सहांत एकाला, असा साधारण अंदाज आहे. जास्त टीएचसीचा माल रोज ओढणाऱ्यांत मनोविकार होण्याची शक्यता न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट आढळल्याचा युरोपातला अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आला होता. ‘हायड्रो’ म्हणून मिरवला जातो तो याच जास्त टीएचसीचा माल. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय, आणि केंद्र सरकारची मदतवाहिनी आहे १४४४६. उपचारांना आपणहून येणाऱ्याला एनडीपीएसच्या कलम ६४अ मध्ये खटल्यापासून सूट मिळण्याची तरतूद आहे, पण ती सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांपुरती. ही तरतूद फार कमी घरांना माहीत असते, आणि पोलिसांच्या धाकाने आईबाप वर्षानुवर्षं गप्प बसतात.

“मग हे किट घेतलं तरी पोलीस येतील?”

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचा हा शेवटचा प्रश्न. जाळीचे कप, कोकोपीट, खत, एलईडी दिवा, यातलं काहीही घ्यायला परवाना लागत नाही. फक्त झाकण घट्ट हवं. उघडं साचलेलं पाणी दिसलं तर पोलीस नाही, महापालिकेचे डासांवाले येतात.

त्याला मेथी लावायची होती. म्हटलं, मेथी ट्रेमध्ये मातीतच बरी, पंधरा-वीस दिवसांत काढून मोकळा होशील. बादलीत पालक लाव, नाहीतर पुदिना. जाताना त्याने पालकाचे दोन कप नेले. दोन दिवसांनी, पाण्याच्या दिवशी सकाळी सात वाजता, त्याचा मेसेज आला: “काका, आईने बादली फुल भरली. आता?”