माळ्यावरचा राजपुत्र

कॉम्प्युटर माळ्यावर होता म्हणून वाचला. २०१९च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आत्याच्या घरात तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. फ्रीज, दिवाण, धान्याच्या कोठ्या, सगळं गेलं. माळ्यावर ट्रंकांच्या मागे विटक्या चादरीत गुंडाळलेला ३८६ कॉम्प्युटर मात्र कोरडा राहिला, आणि तो तिथे आहे हे पुढे कितीतरी दिवस कुणाच्या ध्यानातही नव्हतं. मागच्या मे महिन्यात माळा आवरायला काढला तेव्हा आत्याचा साताऱ्याला फोन आला. "तुमचं ते खेळायचं मशीन घावलंय. टाकून देऊ का येतोस न्यायला?"

मी दुसऱ्याच दिवशी निघालो. लहानपणी दर मे महिन्यात याच रस्त्याने एसटीने जायचो: कराड, पेठनाका, इस्लामपूर, आष्टा, सांगली. तेव्हा आतेभावाकडे, म्हणजे दादाकडे, कॉम्प्युटर होता आणि कॉम्प्युटरवर प्रिन्स ऑफ पर्शिया होता. त्यापुढे साताऱ्याच्या गल्लीतलं क्रिकेटही फिकं वाटायचं.

चादर सोडली तेव्हा आत तीन गोष्टी निघाल्या. मशीन, बुटांच्या खोक्यात साडेतीन इंची फ्लॉपींचा गठ्ठा, आणि रबर लावलेली एक शंभरपानी वही. वहीत दादाच्या हस्ताक्षरात नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं होती. हिशेबाची असेल म्हणून मी ती बाजूला ठेवली.

प्रिन्स ऑफ पर्शिया ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वजीर जाफरने राजकन्येला कोंडलंय आणि तिला एक तासाची मुदत दिली आहे. नायक तळघरातल्या कैदेत आहे. त्या तासाभरात बारा टप्पे पार करून त्याने तिच्यापर्यंत पोचायचं. वाटेत जमिनीतून वर येणारे सुळे, पायाखाली निसटणाऱ्या फरशा, मधोमध कापणारे पोलादी जबडे, तलवार घेतलेले पहारेकरी. मेलात तर टप्पा पहिल्यापासून सुरू होतो, घड्याळ मात्र मागे येत नाही. तेव्हाच्या इतर खेळांतली माणसं खेळण्यातल्यासारखी सरकत. हा माणूस धावता धावता थांबला तर दोन पावलं पुढे घसरत जायचा, कड्याला लोंबकळला की त्याचं अंग हलायचं. पडला तर आपल्या पोटात खड्डा पडायचा.

हा खेळ घडवणाऱ्या जॉर्डन मेकनर या तरुणाने हे अंग आपल्या धाकट्या भावाकडून उसनं घेतलं होतं. १९८५ साली त्याने भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पार्किंगच्या मोकळ्या जागेत धावायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं आणि त्याचं व्हिडिओ चित्रण केलं. मग त्यातली एकेक चौकट हाताने गिरवून कॉम्प्युटरमध्ये घातली. तलवारबाजीसाठी १९३८च्या रॉबिन हूडच्या चित्रपटातलं एरॉल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन यांचं द्वंद्व समोर ठेवलं. संगीत वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी, रचलं. खेळ १९८९ साली अॅपल टू या मशीनवर आला आणि १९९०मध्ये डॉसवर. घरच्यांच्या हातभारातून उभं राहिलेलं हे काम आमच्याकडे पोचलं ते नक्कल केलेल्या फ्लॉपीवरून, दादाच्या कॉलेजातल्या कुणा मित्राकडून.

त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अडचणीतून जन्मली आहे. अॅपल टूची स्मृती फारच थोडी. राजपुत्राच्या हालचालींनीच ती भरून गेली, दुसऱ्या पात्राची चित्रं ठेवायला जागा उरली नाही. मेकनरच्या सहकारी टोमी पिअर्स यांनी शत्रू हवाच म्हणून आग्रह धरला. तेव्हा त्याने राजपुत्राचंच चित्र घेतलं, एका ठिपक्याने सरकवलं आणि मूळ चित्रात अशा रीतीने मिसळलं की चमचमती काळपट आकृती तयार झाली. हीच ती सावली. चौथ्या टप्प्यात राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि ती त्याच्यापासून सुटी होते. पुढे ती त्याला आडवी येत राहते, आणि बाराव्या टप्प्यात तलवार उपसून समोर उभी ठाकते. तिला मारलं तर आपणही मरतो. तलवार म्यान करून तिच्या अंगावर चालत जायचं, मग दोघं एक होतात. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दादाने शोधून काढलं त्या रात्री आम्ही कितीतरी वेळ जागे होतो.

आता मशीन. इतकी वर्षं पडून असलेल्या कॉम्प्युटरची पिन थेट भिंतीत खुपसू नये, हे मी साताऱ्यात शिकलो आहे, एक वीजपुरवठा जाळून. आधी पेटी उघडली. ज्याची भीती होती तेच दिसलं. मदरबोर्डवर बॅटरीची छोटी निळी नळकांडी होती, निकेल-कॅडमियमची. ती फुटून आजूबाजूच्या तांब्याच्या रेघांवर हिरवट खर चढली होती. त्या काळातली बहुतेक मशीनं मरतात ती या बॅटरीने. गळतं ते अल्कधर्मी असतं, म्हणून उतारा आम्ल. आत्याकडून वाटीभर व्हिनेगर घेतलं, कापसाच्या काडीने खर विरघळवली, मग शुद्ध अल्कोहोलने पुसून दिवसभर वाळवलं. भिंगाखाली एक रेघ तुटलेली दिसली. केसाएवढ्या तारेने ती डाखली.

वीजपुरवठ्याच्या दोन फिती मदरबोर्डला शेजारीशेजारी बसतात आणि दिसायला सारख्याच असतात. उलट्या बसवल्या तर बोर्ड जातो. जुने दुरुस्तीवाले एकच खूण सांगत: काळ्याला काळी. दोन्ही फितींच्या काळ्या तारा मधे, एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. आधी मल्टिमीटर लावून ५ आणि १२ व्होल्ट तपासले आणि मग बटण दाबलं. पंखा कुरकुरला, स्पीकरने एक टूं केलं, पडद्यावर अक्षरं आली. आत्या देवघरातून म्हणाली, "बोलायलंय की रे अजून!"

बोलत होतं, पण आठवत काही नव्हतं. बॅटरी गेली की अशा मशीनला आपली हार्ड डिस्क कोणती तेही कळत नाही. आजची मशीनं डिस्कलाच विचारून घेतात. त्या वेळी सेटअपमध्ये जाऊन सत्तेचाळीस नंबरचा प्रकार निवडायचा आणि डिस्कचे सिलिंडर, हेड, सेक्टर हाताने भरायचे. आकडे एकाच ठिकाणी मिळतात, डिस्कच्या अंगावरच्या चिठ्ठीवर. म्हणून डिस्क बाहेर काढली, आकडे उतरवले, भरले. डिस्क फिरली, खरखरली, आणि थांबली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिच्यातलं सगळं गेलं होतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

उरल्या फ्लॉपी. पुरात कोरड्या राहिल्या तरी सांगलीच्या पावसाळ्यांची दमट हवा त्यांना सोडत नाही. पत्र्याची झडप सरकवली की आतल्या तपकिरी चकतीवर पांढरी जाळी दिसे. ही बुरशी. अशी फ्लॉपी तशीच घातली तर ड्राइव्हचं डोकं घाण होतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते. म्हणून आधी प्रत्येकीची कोपऱ्यातली खिडकी उघडी केली, म्हणजे चुकून तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. मग चकती बोटाने हळूहळू फिरवत अल्कोहोलच्या काडीने पुसली. यूएसबीच्या ड्राइव्हने लॅपटॉपवर एकेकीची अख्खी प्रत काढली. काही गेल्या. ज्या फ्लॉपीवर पेन्सिलने 'राजपुत्र' लिहिलं होतं, ती चौथ्या प्रयत्नात वाचली गेली.

आत्याचा नातू, दादाचा मुलगा, दहावीची परीक्षा देऊन मोकळा होता आणि हे सगळं मांडी घालून पाहत होता. त्याने प्रत आपल्या लॅपटॉपवर उघडून खेळाच्या फाइलवर दोनदा टिचकी मारली. हे तुमच्या मशीनवर चालणार नाही, अशा अर्थाची सूचना आली. "काका, फाइल खराब आहे."

फाइल ठणठणीत होती. हा खेळ १६ बिटांच्या काळातला. ३२ बिटांच्या विंडोजमध्ये अशा कार्यक्रमांसाठी एक खोली राखलेली असे. ६४ बिटांची विंडोज आली तेव्हा ती खोली बंद झाली, कारण प्रोसेसर ६४ बिटांच्या पद्धतीत चालू लागला की डॉसचं जग उभं करण्याची त्याची जुनी युक्ती उपलब्धच राहत नाही. विंडोज ११ तर निव्वळ ६४ बिटांचीच आहे. अशा खेळांच्या दुरुस्तीत मला पुन्हापुन्हा हेच दिसलं आहे. खेळाचा एक बाइटही बदललेला नसतो, त्याच्या पायाखालची जमीन बदललेली असते. म्हणून आपण खेळाला हात लावत नाही, त्याला त्याचं गाव परत बांधून देतो.

ते गाव म्हणजे डॉसबॉक्स. २००२ साली आलेलं, फुकट मिळणारं हे सॉफ्टवेअर आतल्या आत एक जुना कॉम्प्युटर उभा करतं: प्रोसेसर, व्हीजीए, साउंड ब्लास्टर, सगळं. एक फोल्डर माउंट करून त्याला सी ड्राइव्ह म्हणायचं आणि खेळाचं नाव टंकायचं. पडदा काळा झाला, सूर वाजले, राजकन्या येरझारा घालताना दिसली.

पण मुलगा म्हणाला, "हा जाडा का आहे?" राजपुत्र खरंच बुटका आणि रुंद दिसत होता. खेळाचं चित्र आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके. जुना मॉनिटर चारास तीन मापाचा असल्याने प्रत्येक ठिपका थोडा उभट दिसायचा, आणि मेकनरचा भाऊ सडपातळ राहायचा. आजच्या पडद्यावर ठिपके चौकोनी येतात. डॉसबॉक्सच्या फाइलमध्ये अॅस्पेक्ट नावाची ओळ चालू केली तेव्हा तो मूळ बांध्यात आला.

मग मुलगा पहिल्याच कड्यावर अडला. जपून पाऊल टाकायला शिफ्ट लागतं, आणि पाच वेळा शिफ्ट दाबलं की विंडोज मधेच विचारते, स्टिकी कीज सुरू करायच्या का. तोवर पहारेकऱ्याचा वार बसलेला असतो. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद केली. तरी तिरकी उडी कधी लागे, कधी नाही. हा दोष कीबोर्डचा. स्वस्त कीबोर्डमध्ये बटणांच्या तारा सामायिक असतात, त्यामुळे ठरावीक तीन बटणं एकदम दाबली तर तिसरं पोचतच नाही. दुसरा कीबोर्ड जोडल्यावर उड्या बसू लागल्या.

मुलाला वाटलं, वेग वाढवावा. कंट्रोल आणि एफ१२ दाबत त्याने आतल्या प्रोसेसरचा वेग बराच चढवला. राजपुत्राची चाल तसूभर बदलली नाही. मशीनच्या टिकटिकणाऱ्या घड्याळाला ती बांधलेली आहे, आणि त्या काळात ही शिस्त सगळे पाळत नसत. त्याच गठ्ठ्यातला टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला एक प्रश्नमंजूषेचा खेळ त्या वेगावर उघडताच 'रनटाइम एरर २००' म्हणून कोसळला. टर्बो पास्कलचा एक भाग सुरुवातीला मशीनचा वेग मोजतो. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते मोजून ५५ने भागतो. उत्तर ६५,५३५च्या आत बसेल हे गृहीत धरलेलं. पुढे मशीनं इतकी वेगवान झाली की उत्तर त्या जागेत मावेना, आणि धडधाकट कार्यक्रम उघडता उघडता पडू लागले. इथे कंट्रोल आणि एफ११ने वेग उतरवत आणला आणि तो चालला. पूर्वी याच कामासाठी पेटीवर टर्बोचं बटण असे. ते का असतं हे लहानपणी आम्हाला कळत नव्हतं.

फ्लॉपी पुसताना मला मेकनरच्या वडिलांची आठवण येत होती. खेळाचा मूळ अॅपल टूचा कोड मेकनरकडून हरवला होता. २०१२ साली वडिलांना कपाटात मागे पडलेला एक खोका सापडला, त्यात साडेतीन इंची डिस्का होत्या. जेसन स्कॉट आणि टोनी डियाझ या जाणकारांनी जुनी यंत्रं आणून त्या वाचल्या, आणि मेकनरने तो कोड सगळ्यांसाठी खुला केला. बावीसेक वर्षांनी चुंबकीय चकतीवरून सगळं उतरवून घेता येणं ही नशिबाची गोष्ट होती. आपल्याकडे किती घरांच्या माळ्यांवर काय काय असेल, आणि त्यातलं किती पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाचण्याजोगं राहील?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाने पहिला टप्पा पार केला आणि ओरडला, "काका, हे काय?" समोर प्याल्यांनी भरलेली खोली होती, प्रत्येक प्याल्याजवळ एक इंग्रजी अक्षर. पडद्यावर प्रश्न होता: पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं, तो प्याला पी. नक्कल रोखण्यासाठी केलेली ही योजना. ज्याने खेळ विकत घेतला त्याच्याकडे पुस्तिका असणारच. ज्याच्याकडे नाही, त्याला चुकीच्या प्याल्याची किंमत जिवाने मोजावी लागे. दर वेळी प्रश्न वेगळा. आमच्याकडे पुस्तिका नव्हती, पण आम्ही पुढे गेलो होतो, शेवटापर्यंत गेलो होतो, हे मला पक्कं आठवत होतं. कसे गेलो ते आठवेना.

दादा कुपवाडच्या एमआयडीसीतून नुकताच आला होता. डबा खाली ठेवून तो पडद्याकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "वही कुठाय?"

रबर सुकलं होतं, हात लावताच तुटलं. पानोपानी तीन आकडे, त्यांच्यापुढे एक अक्षर. पान, ओळ, शब्द. एकेका मरणामागे एकेक अक्षर बाद करत, त्या सुट्टीत आणि पुढच्या सुट्टीत, त्याने न पाहिलेली पुस्तिका अशी गोळा केली होती. काही ओळींपुढे माझंही वाकडं अक्षर होतं.

मुलाने पडद्यावरचे आकडे वाचले. दादाने पान उलटलं, बोट खाली नेत एका ओळीवर थांबवलं. तिथे तीन अक्षरं खोडून चौथं लिहिलेलं होतं. मुलाने राजपुत्राला उजवीकडे चालवत नेलं, त्या अक्षराच्या प्याल्यापाशी थांबवलं आणि शिफ्ट दाबलं.