द्राक्षाच्या सालीचा रंग आणि वस्त्रावरचा डाग

काळ्या द्राक्षाचा मणी सोलून त्यातला गर कापडावर पिळला, तर कापड ओले होण्यापलीकडे फारसे काही घडत नाही. कारण काही थोड्या जाती वगळल्या, तर द्राक्षाचा रस जवळजवळ वर्णहीन असून त्याचा सारा रंग सालीत साठवलेला असतो. लाल वाइन करणारे म्हणूनच ठेचलेली द्राक्षे सालींसह आंबवितात, आणि त्या अवधीत सालीतील रंगद्रव्य व टॅनिन ही दोन्ही द्रव्ये रसात उतरतात. वाइन नाशिकची असो वा फ्रान्सातील बोर्दोची, तिचा डाग हा मुख्यतः या दोन द्रव्यांचा संयुक्त अंमल होय.

रंगद्रव्य अँथोसायनिन या कुळातले. १८३५ साली मार्क्वार्ट या जर्मन शास्त्रज्ञाने हे नाव योजिले. पुढे याच कुळाच्या रासायनिक घडणीचा शोध घेणाऱ्या रिचर्ड विलश्टेटर याला वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील, विशेषतः हरितद्रव्यावरील, संशोधनाबद्दल १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जांभळाचा आणि कोकमाचा रंगही याच कुळातला आहे. या कुळाचा स्वभाव असा, की त्याचा वर्ण बव्हंशी भोवतालच्या आम्लतेच्या हुकमतीत असतो. वाइनचा पीएच साधारणतः ३ ते ४ असतो व त्या आम्ल सान्निध्यात हे द्रव्य तांबडे राहते. पीएच ७ च्या आसपास ते जांभळट आणि क्षारात निळसर होते. धुण्याचा साबण व सोडा हे दोन्ही क्षारधर्मी असल्यामुळे ते ताज्या डागावर लावताच डाग निळसर करडा दिसू लागतो, धुणारा घाबरून अधिक जोराने चोळतो, आणि चोळण्याने द्रव धाग्यांच्या अधिकच आत शिरतो. ताज्या डागावर पहिला हात साबणाच्या वडीचा नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

टॅनिनची गोष्ट निराळी. कातडी कमावण्याच्या धंद्यात बाभळीची साल व हिरडा यांचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या होत आला तो याचसाठी, की त्यांतील टॅनिन प्रथिनांना घट्ट बिलगते. आणि लोकर व रेशीम हे तंतू प्रथिनांचेच असल्यामुळे सुती धोतरापेक्षा रेशमी पैठणीवर या डागाची पकड अधिक चिवट ठरते. लोहाच्या संयोगाने टॅनिन काळे पडते, म्हणून असे कापड गंजलेल्या बादलीत भिजत घालणे हे नव्या डागाला आमंत्रण होय.

तेव्हा प्रथम स्वच्छ सुती फडक्याने, कडेकडून मध्याकडे, द्रव टिपून घ्यावा आणि मागून गार पाणी सोडावे. मीठ ओल शोषून घेते, पण रंग नाहीसा करण्याची शक्ती त्याच्या अंगी नाही. पांढरी वाइन ओतण्याची जी मसलत पाश्चात्त्य घरांतून दिली जाते, तिने डाग केवळ विरळ होतो, आणि ते काम साधे पाणी तितक्याच चोख रीतीने करते.

रंग खरोखर मोडावयाचा, तर तेनार या फ्रेंच रसायनज्ञाने १८१८ साली शोधलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडकडे वळावे लागते. पांढऱ्या सुती कापडावर त्याचे सुमारे ३ टक्के तीव्रतेचे द्रावण थोड्या द्रवरूप साबणात मिसळून लावले असता रंगद्रव्याच्या रेणूची मूळ घडणच मोडते, आणि मग तो रंग परतत नाही. याच्या उलट वागणूक सल्फाइटची. घरी सरबते टिकविण्यासाठी आपण जे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरतो, तेही अँथोसायनिनला वर्णहीन करते, आणि म्हणूनच जांभूळ, डाळिंब यांच्या रसात ते न घालता सोडियम बेंझोएट घालण्याची तजवीज करतात. परंतु हा संयोग पक्का नसतो, आणि तीव्र आम्लाचा संपर्क होताच हरपलेला तांबडा रंग पुन्हा उमटू शकतो. त्यातही वाइन जुनी असेल, तर मुरण्याच्या काळात अँथोसायनिन आणि टॅनिन यांची परस्परांत गुंफण होऊन जे विटकरी रंगाचे मोठे रेणू बनतात, ते सल्फाइटला फारशी दाद देत नाहीत. ताज्या व जुन्या वाइनचे डाग एकाच औषधाने सारखे निघत नाहीत, त्याचे कारण हेच आहे.

क्लोरीनयुक्त ब्लीच रेशीम व लोकर यांना खाऊन टाकते, म्हणून या वस्त्रांवर त्याचा प्रयोग कदापि करू नये. पेरॉक्साइडनेही कापडाचा मूळ रंग फिकट होण्याचा संभव असल्याने रंगीत वस्त्राच्या शिवणीच्या आतल्या बाजूस आधी एक थेंब टाकून पाहावा. पैठणी धुलाईकडे देताना मात्र डाग कशाचा आहे हे तेथील माणसाला अवश्य सांगावे. कारण ड्रायक्लीनिंगच्या द्रावकात तेल व तूप विरघळते, पण हे पाण्यात विरघळणारे रंगद्रव्य विरघळत नाही, आणि डागाची जागा आधी निराळ्या रीतीने हाताळणे त्याला भाग पडते.