निकाल टक्क्यांत नको, मुलं मोजून वाचूया

आज बचत गटाऐवजी आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचा हिशेब मांडूया. सहावी ते आठवीचे वर्ग आणि एकेका वर्गात दहा-बारा मुलं. अशा लहान शाळेचा निकाल कसा वाचायचा, हे प्रत्येक आईला कळलं पाहिजे.

समजा, सातवीत 10 मुलं आहेत. मागच्या वर्षी 9 जणांना भागाकार येत होता, यंदा 7 जणांना येतो. टक्क्यांत सांगितलं तर 90 वरून 70. लगेच गावात बोललं जातं, शाळा बिघडली. खरं तर फरक दोन मुलांचा आहे. 100 मुलांच्या वर्गात दोन मुलं म्हणजे 2 टक्के, आपल्याकडे तेच 20 होतात. म्हणून टक्का ऐकून उठू नका. ती दोन मुलं मागे का पडली, ते विचारा.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात एकाच वर्गात वऱ्हाडी बोलणारं, तांड्यावरचं गोरमाटी बोलणारं आणि पोडावरचं कोलामी बोलणारं मूल शेजारी बसतं. पुस्तक मात्र सगळ्यांना एकाच मराठीतलं. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू होते. मोठी माणसं वावरात जातात आणि लहान भावंडं सांभाळायला बहुतेक वेळा मुलगीच घरी राहते. काही तांड्यांवरची कुटुंबं उसतोडीला जातात. ज्या दिवशी अपूर्णांक शिकवला, त्या दिवशी मूल वर्गातच नसेल तर त्याला तो येणार कसा? जातीकडे बोट दाखवण्याआधी हजेरीपट बघा.

यात धोका दोन बाजूंनी आहे. 2023 च्या नियमाप्रमाणे राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालेल्याला पुन्हा परीक्षेची संधी मिळते, तीही गेली तर त्याच वर्गात बसावं लागतं. आठवीत अडकलेली मुलगी घरी बसली, की लग्नाची बोलणी सुरू व्हायला वेळ लागत नाही. दुसरं म्हणजे, शिक्षकांची पदं पटावर ठरतात. टक्क्याला घाबरून आपण मुलं काढली, तर पट घटतो, शिक्षक कमी होतो आणि ज्यांना दुसरीकडे फी भरणं जमत नाही, त्यांचीच मुलं मागे राहतात.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. समितीतल्या बायांनी सभेत एवढं विचारावं:

एक, किती मुलांना वाचता येतं, किती जणांना गणित येतं? आकडा सांगा, नावं चारचौघांत नकोत.
दोन, मागे पडलेल्यांची हजेरी किती, कोणत्या महिन्यात घटली?
तीन, बाहेरगावी जाणाऱ्या मुलांना तिकडच्या शाळेत दाखवायला शिक्षण हमी पत्रक दिलं का?
चार, आठवीतली किती मुलं एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेला बसणार? त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात.

गटात एखादीचा हप्ता थकला तर आपण तिच्या घरी जाऊन अडचण विचारतो. तसंच त्या दोन मुलांच्या घरीही जाऊया. समितीची पुढची सभा कधी आहे, ते उद्याच शाळेत विचारून घ्या.