कोळंबीचे जिवाणूजन्य रोग : उपचार आणि मर्यादा

भारताच्या मत्स्य निर्यातीत मूल्याच्या दृष्टीने कोळंबीचा वाटा सर्वाधिक असून, तिच्या संवर्धनात आंध्र प्रदेश अग्रेसर आहे. २००९ मध्ये व्हॅनामेई जातीच्या संवर्धनास परवानगी मिळाल्यानंतर उत्पादन झपाट्याने वाढले आणि रोगनियंत्रणाला विशेष महत्त्व आले.

कोळंबीच्या जिवाणूजन्य रोगांत व्हायब्रिओ गटातील जिवाणू प्रमुख होत. निमखाऱ्या पाण्यात ते निसर्गतःच असतात. उरलेले खाद्य व विष्ठा तळाशी साचून प्राणवायू घटला की कोळंबीची प्रतिकारशक्ती खालावते आणि हे जिवाणू बळावतात. व्हायब्रिओ हार्वेयीने बाधित झालेल्या अळ्या अंधारात चमकतात. व्हायब्रिओ पॅराहिमोलिटिकसचे विषनिर्माते प्रकार यकृत-स्वादुपिंड नष्ट करतात. या रोगाचे कारण २०१३ मध्ये निश्चित झाले.

उपचार अवघड का?

प्रतिजैविके सामान्यतः खाद्यातून दिली जातात. परंतु आजारी कोळंबी खाणेच सोडते. परिणामी औषध पाण्यात व गाळात मिसळते आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू निर्माण होण्यास वाव मिळतो. पृष्ठवंशीय प्राण्यांप्रमाणे प्रतिपिंडे तयार करण्याची क्षमता कोळंबीत नसल्याने पारंपरिक लसीकरणासही मर्यादा पडतात. शिवाय पांढरे ठिपके हा रोग विषाणूजन्य असल्याने त्यावर प्रतिजैविके निरुपयोगी ठरतात. म्हणून प्रयोगशाळेतील निदान ही उपचाराची पहिली पायरी होय.

क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांच्या वापरास बंदी आहे. किनारी जलसंवर्धन प्राधिकरण कायदा, २००५ मध्ये २०२३ साली दुरुस्ती करून मानवी आरोग्यास घातक प्रतिजैविकांच्या वापरास स्पष्ट मनाई करण्यात आली. औषधांचे अवशेष आढळल्यास निर्यातीचा माल नाकारला जातो आणि त्याची झळ अखेर लहान उत्पादकालाही बसते.

व्यवहार्य मार्ग

रोगाची चिन्हे दिसताच खाद्य कमी करणे, वातन यंत्रे अधिक वेळ चालवणे व तळातील गाळ काढणे हे तातडीचे उपाय आहेत. बाधित तळ्यातील पाणी निर्जंतुक केल्याशिवाय खाडीत सोडू नये. हंगामापूर्वी तळे उन्हात वाळवणे, चुना टाकणे, तपासलेले रोगमुक्त बीज वापरणे व दाटी टाळणे आवश्यक असते. क्लोरीनने जिवाणू मरतात. मात्र स्पर्धक न उरल्याने बचावलेले व्हायब्रिओ पुन्हा वेगाने वाढू शकतात. म्हणून क्लोरीनचा अंश संपल्यावर बॅसिलससारखे उपकारक जिवाणू पाण्यात सोडले जातात.

थोडक्यात, कोळंबीवरील उपचार हा प्रामुख्याने तिच्या पाण्यावरील उपचार असतो. उत्पादकाचे उत्पन्न, ग्राहकाचे आरोग्य आणि किनारी पर्यावरण या तिन्हींचे हित त्यातच सामावलेले आहे.