तक्त्यातले तारे आणि वावरातला कापूस

अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ असो की अमरावतीचे संत गाडगेबाबा विद्यापीठ, शेतीच्या उत्पादनावर किंवा खर्चावर प्रबंध लिहायचा म्हटला की रिग्रेशनची गाठ पडतेच. पावसाने कपाशीचे उत्पादन किती बदलते? खताने किती? ओलिताने किती? प्रत्येक घटकाचा वाटा वेगळा काढून दाखवणारे हे गणित संगणक क्षणात करतो आणि पडद्यावर गुणांकांचा तक्ता उमटतो. खरे काम त्यानंतर सुरू होते. तो तक्ता वाचकापुढे कसा मांडायचा, याचा विचार मात्र फार कमी वेळा होतो. बहुतेकदा पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा प्रबंधात चिकटवला जातो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या 120 वावरांची माहिती हाताशी आहे. उत्पादन हेक्टरी क्विंटलमध्ये, पाऊस मिलिमीटरमध्ये. पावसाचा गुणांक आला 0.0042 आणि स्टँडर्ड एरर, म्हणजे त्या अंदाजातली अनिश्चितता, 0.0010. दोन दशांशांपर्यंतच लिहायचे या शिरस्त्याने तक्त्यात छापले जाते 0.00 आणि त्यापुढे तीन तारे, म्हणजे निकाल अत्यंत सार्थ असल्याची खूण. वाचणाऱ्याने काय समजायचे? परिणाम शून्य, तरीही अत्यंत ठळक?

दोष गणिताचा नाही, एककाचा आहे. एका मिलिमीटरने कपाशीला फारसा फरक पडत नाही. तोच पाऊस शंभराने भागून पुन्हा गणित केले, तर गुणांक 0.42 होतो आणि स्टँडर्ड एरर 0.10. टी-मूल्य, म्हणजे गुणांक भागिले स्टँडर्ड एरर, आधी 4.2 होते, आताही तेवढेच राहते. पण वाक्य आता बोलू लागते: इतर घटक तेवढेच राहिले, तर 100 मिलिमीटर जादा पावसामागे हेक्टरी 42 किलो, म्हणजे एकरी सुमारे 17 किलो कापूस जास्त. हा हिशोब शेतकऱ्याला कळतो आणि कृषी सहायकालाही.

तारे आले कुठून?

1925 साली रोनाल्ड फिशर यांचे संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक आले आणि सार्थकतेची 5 टक्क्यांची पातळी रूढ झाली. संगणक नव्हते. छापील कोष्टकांत 5 टक्के, 1 टक्का अशा ठरावीक पातळ्यांचेच आकडे असत. आपला आकडा त्यापुढे गेला की नाही, एवढेच पाहता येई. आज संगणक पी-मूल्य, म्हणजे परिणाम मुळात नसताना एवढा किंवा याहून मोठा आकडा निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता, नेमके देतो, तरी ताऱ्यांची सवय सुटलेली नाही. ऑकलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी घडवलेले ‘आर’ हे मोफत सॉफ्टवेअरसुद्धा नेहमीच्या सारांशात तारे देते आणि विश्वास-अंतराल, म्हणजे खरा गुणांक ज्या पट्ट्यात असण्याची वाजवी खात्री धरता येते तो पट्टा, देत नाही. तो वेगळी आज्ञा देऊन मागावा लागतो. स्टाटा तो आपणहून दाखवते. एसपीएसएसच्या जुन्या आवृत्त्या 0.0005 पेक्षा लहान पी-मूल्य .000 असे छापत, आणि प्रबंधात ते ‘पी = 0’ म्हणून उतरे. पी-मूल्य शून्य कधीच नसते, तिथे ‘0.001 पेक्षा कमी’ असेच लिहायला हवे.

ताऱ्यांचा मोठा फटका तारा नसलेल्या ओळीला बसतो. आपल्या उदाहरणात संरक्षित ओलिताचा गुणांक 2.1 क्विंटल आणि स्टँडर्ड एरर 1.2 आहे असे धरू. टी-मूल्य 1.75, तारा नाही. निष्कर्षात लगेच लिहिले जाते की ओलिताचा परिणाम आढळला नाही. आता गुणांकाच्या दोन्ही बाजूंना स्टँडर्ड एररची दुप्पट धरून ढोबळ अंतराल काढा: उणे 0.3 ते 4.5 क्विंटल. म्हणजे फायदा जवळपास नसेल किंवा हेक्टरी साडेचार क्विंटलपर्यंतही असेल. 120 वावरांच्या माहितीवरून याहून ठाम बोलता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कोरडवाहू वऱ्हाडात शेततळ्याचा किंवा विहिरीचा निर्णय अशा ओळीवर अवलंबून असेल, तर ‘परिणाम नाही’ हे वाक्य अन्यायाचे आहे. पी-मूल्यावरून परिणामाचा आकार किंवा महत्त्व ठरत नाही, असे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2016 साली जाहीरपणे बजावले, ते याचसाठी.

कशाच्या तुलनेत?

अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा जातो. ‘खारपाण जमीन: उणे 1.3’ अशी ओळ तक्त्यात असेल, तर ती कोणत्या जमिनीच्या तुलनेत, हे लिहिलेच पाहिजे. सॉफ्टवेअर एक गट संदर्भ म्हणून बाजूला ठेवते आणि तक्त्यात त्याचे नावही छापत नाही. ते संशोधकाने तळटिपेत द्यावे. स्थिरांकाचेही तसेच. शून्य मिलिमीटर पावसाला किती उत्पादन, या आकड्याचा उपयोग काय? पाऊस सरासरीपासूनच्या फरकात मोजला, तर तोच स्थिरांक सरासरी पावसाच्या वर्षी संदर्भ गटातल्या कोरडवाहू वावराचे उत्पादन सांगतो.

या भागाला आकड्यांची शिस्त नवी नाही. संख्याशास्त्रज्ञ डॉ. व्ही. जी. पानसे यांनी 1940 च्या दशकात कापसाच्या उत्पादनाच्या अंदाजासाठी ज्या नमुना-पाहण्या केल्या, त्यांत अकोला जिल्हा होता. गावे, गावांतली वावरे आणि वावरातला तुकडा यादृच्छिक पद्धतीने निवडायचा आणि तेवढ्या तुकड्यातला कापूस वेचून वजन करायचे. पानसे आणि डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे 1954 चे शेती-संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक देशभरातल्या कृषी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी अभ्यासले. कापसाच्या वजनामागे एवढी मेहनत घेणाऱ्यांच्या वारसांनी शेवटचा तक्ता निष्काळजीपणे छापू नये.

म्हणून मार्गदर्शकांनी प्रत्येक तक्त्यात पाच गोष्टींचा आग्रह धरावा: समजेल असे एकक, गुणांकाशेजारी विश्वास-अंतराल, संदर्भ गटाचे नाव, वावरांची संख्या आणि नेमके पी-मूल्य. शिवाय खाली एक साधे मराठी वाक्य असावे: किती बदलले म्हणजे किती फरक पडतो आणि खात्री किती. विहीर असलेल्या शेतकऱ्याची जमीनही मुळात चांगली असू शकते, तेव्हा गुणांक म्हणजे कारण नव्हे, हेही तिथेच सांगावे. यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही, फार तर अर्धा तास जास्त लागतो. ज्यांनी आपल्या वावरातले आकडे विश्वासाने दिले, त्यांना उत्तर समजेल असे मिळावे, एवढा त्यांचा हक्क नक्कीच आहे.