नौकेवरचा जागल्या

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा समुद्राशीं कांहीं संबंध नाहीं, ही समजूत भूगोल शिकविणाऱ्याची आणि शिकणाऱ्याची, दोघांचीही असते. नकाशा पाहतां ती खरीही आहे. परंतु पाण्याशीं संबंध नाहीं असें मात्र कोणीं म्हणूं नये. अकोले तालुक्यांत भंडारदऱ्याचा जलाशय आहे, राहुरीकडे मुळा धरण आहे, शेवगांव-नेवाशाच्या बाजूस जायकवाडीचा नाथसागर पसरला आहे आणि कर्जताच्या कडेला उजनीचें पाणी येऊन टेकलें आहे. शिवाय आपल्यांतील कित्येक घरचे मुलगे आज व्यापारी जहाजांवर अधिकारी आहेत, कोणी परदेशीं राहून सुटीच्या दिवशीं शिडाची नौका हांकतात. तेव्हां नौकेवर संकटाची आगाऊ सूचना देणारीं साधनें कोणतीं आणि त्यांवर कितपत विसंबावें, हा विषय घरांत चारचौघांनीं मिळून वाचण्यासारखा आहे असें आम्हांस वाटतें.

प्रथम दोन दुःखद गोष्टींचें स्मरण करणें प्राप्त आहे. ता. २१ मे २०२४ रोजीं उजनीच्या जलाशयांत कुगांवाहून कळाशीकडे निघालेली होडी अकस्मात् सुटलेल्या वादळी वाऱ्यानें उलटली व सहा माणसें बुडालीं; एक गृहस्थ तेवढे पोहून तीराला लागले. त्यानंतर दोनच दिवसांनीं, ता. २३ मे रोजीं, आमच्याच अकोले तालुक्यांत सुगांव येथें प्रवरेंत बुडालेल्या तरुणांचा शोध घेण्यासाठीं आलेल्या राज्य आपत्ति प्रतिसाद दलाची होडी उलटली आणि तीन जवान मृत्यु पावले. वांचविण्यास आलेल्यांवरही जें पाणी उलटतें, त्याच्याशीं सावधपणानेंच वागलें पाहिजे.

गांवगाड्यांत जागल्या असे. गांव निजलें असतां एकानें जागें राहावें, आणि चाहूल लागतांच हांक द्यावी, एवढेंच त्याचें काम. नौकेवरील गजर हा असाच जागल्या होय. पूर्वी हें काम खलाशांनीं आळीपाळीनें करावें लागे. आतां त्यांतील बराच भाग संगणकाकडे सोंपवितां येतो. त्यासाठीं ‘ओपनसीपीएन’ नांवाची एक संगणकप्रणाली जगभर वापरांत आहे. डेव्हिड रजिस्टर या अमेरिकन गृहस्थांनीं सन २००९ च्या सुमारास ती पुढें आणली व पुढें अनेक देशांतील स्वयंसेवकांनीं ती वाढविली. ती विनामूल्य मिळते, आणि तिची अंतर्गत रचना सर्वांना वाचावयास खुली असते. यासच मुक्तस्रोत म्हणतात. आपल्या पाठशाळांतून पोथीची नक्कल करणाऱ्या शिष्यास पाठांतील अशुद्ध दाखविण्याची मुभा असे, तसाच हा प्रकार. गजर वेळेवर कां वाजला नाहीं, हें जाणत्या माणसास रचना उघडून तपासतां येतें, आणि दुरुस्ति झाली म्हणजे ती सर्वांच्या उपयोगीं पडते. जिवाशीं गांठ असलेल्या साधनांत हा गुण लहान नव्हे.

या प्रणालींतील मुख्य गजर आतां पाहूं. पहिला नांगराच्या राखणीचा. नौका नांगरून खलाशी निजतात. रात्रीं वारा फिरला व नांगर घसरला तर नौका झोंपेंतच खडकावर जाते. म्हणून नकाशावर खूण करून तिच्याभोंवतीं एक वर्तुळ आंखतात. उपग्रहांवरून कळणारें नौकेचें स्थान वर्तुळाबाहेर गेलें कीं गजर वाजतो. स्थानाची माहिती येणेंच थांबलें तरीही तो वाजतो, हें विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. कारण मुका झालेला पहारेकरी आणि ‘सर्व ठीक आहे’ असें सांगणारा पहारेकरी, हे निजलेल्यास सारखेच वाटतात.

परंतु वर्तुळ केवढें असावें, हें यंत्र सांगत नाहीं; तें माणसानें ठरवावयाचें. थोडें गणित करूं. दोर ४० मीटर सोडला आहे असें समजा. नौका नांगराभोंवतीं जवळजवळ तेवढ्याच त्रिज्येनें फिरणार. खूण नांगर टाकला त्या जागीं केली असेल तर ५०-६० मीटरचें वर्तुळ पुरे होतें. पण खूण नौका उभी आहे त्या जागीं केली, आणि पहाटे वारा अगदीं उलट दिशेनें वाहूं लागला, तर नांगर जागचा न हलतां नौका खुणेपासून सुमारें ८० मीटर दूर जाईल व गजर फुकट ओरडेल. असें दोन रात्रीं झालें कीं मनुष्य कंटाळून तो बंद करतो, किंवा वर्तुळ ३०० मीटरांचें करून टाकतो. खडक मात्र १०० मीटरांवरच असतो! ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना सांगतों, तिचें हें मोठ्यांसाठीं केलेलें रूपांतर होय.

दुसरा गजर टक्करीचा. मोठ्या जहाजांवर ए.आय.एस. नांवाचें यंत्र असतें; तें आपल्या जहाजाचें नांव, स्थान, वेग व दिशा बिनतारी लहरींनीं सतत सांगत असतें. ही वार्ता पकडणारें यंत्र जवळ असेल तर त्यावरून प्रणाली हिशेब करते कीं अमुक जहाज आपल्या किती जवळून आणि किती मिनिटांनीं जाईल. ठरविलेल्या मर्यादेच्या आंत तें येणार असें दिसलें कीं सूचना मिळते. दोन नौका ताशीं दहा-दहा सागरी मैलांच्या वेगानें समोरासमोर येत असतील तर मधलें अंतर दर तीन मिनिटांस एक सागरी मैलानें घटतें. सहा मैलांवर असतां सूचना मिळाली तर हातीं अठरा मिनिटें राहतात. गजर देतो तो हा वेळ. सुकाणूं तो फिरवीत नाहीं. शिवाय कोळ्यांच्या लहान होड्यांवर हें यंत्र बहुधा नसतेंच. त्यांच्याविषयीं प्रणाली गप्प राहते, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ ‘पुढें कोणी नाहीं’ असा करणें घातक होय.

तिसरी योजना मनुष्य पाण्यांत पडला असतां उपयोगी पडणारी. एक कळ दाबतांच त्या क्षणींचें स्थान वेळेसह नोंदलें जातें आणि परत जाण्याची रेषा नकाशावर उमटते. नौकेचा वेग ताशीं सहा सागरी मैल धरला तर एका मिनिटांत ती सुमारें १८५ मीटर पुढें जाते. लाटांमध्यें तेवढ्या अंतरावरून माणसाचें डोकें दिसेनासें होतें. म्हणून ही कळ कोठें आहे हें नौकेवरील प्रत्येकास, पाहुण्यांसुद्धां, निघण्यापूर्वींच दाखवून ठेवावें.

चौथा प्रकार ‘वॉचडॉग’ नांवाच्या जोडप्रणालींत आहे. तींत किनारा जवळ आल्याचे, वेग वा खोली बदलल्याचे गजर तर आहेतच; परंतु ठरविलेल्या अवधींत संगणकास कोणाचा हातच लागला नाहीं तर वाजणाराही एक गजर आहे. एकट्यानें नौका हांकणारा झोंपला किंवा मूर्च्छित झाला, तर त्याला हांक मारणारें दुसरें कोण आहे? येथें जागल्या पाण्याकडे न पाहतां मालकाकडेच पाहतो.

एवढें असूनही ओपनसीपीएन सुरू करतांच ती आपणांस बजावते कीं केवळ माझ्यावर भिस्त ठेवूं नका. हा प्रामाणिकपणा आम्हांस आवडतो. ता. १८ डिसेंबर २०२४ रोजीं मुंबईच्या बंदरांत नौदलाची वेगवान बोट घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चांचणी चालली होती. जेथें कांहीं क्षणांचाच अवकाश असतो, तेथें कोणताही गजर काय करणार? तेथें अंगावरील जीवरक्षक जाकीटच कामास येतें. आणि संकट आल्यावर तें किनाऱ्यास कळविण्याची सोय नसली तर काय होतें, हें ता. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेल्या ‘रामदास’ बोटीनें दाखविलें आहे. तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हतें. बोट सकाळीं बुडाली आणि मुंबईस वार्ता पोंचण्यास सायंकाळ झाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं.

आमच्या जिल्ह्यांतील जलाशयांवर फिरणाऱ्या होड्यांत संगणक नसतो, सागरी नकाशेही तेथें चालत नाहींत. पण जागल्या तेथेंही ठेवतां येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें तयार केलेली ‘दामिनी’ ही मोबाईलवरील सोय आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते, आणि उन्हाळ्यांतील वादळी वारा बहुधा विजांच्या सोबतीनेंच येतो. होडींत पाय ठेवण्यापूर्वीं ती पाहावी, हवामान खात्याचा अंदाज वाचावा, आणि नावाड्यानें आभाळाकडे पाहून ‘आज नको’ म्हटलें तर त्याच्याशीं वाद घालूं नये. तोही एक गजरच आहे, आणि तो आपण सर्वांत आधीं बंद पाडतों. कारण लग्नाची वेळ गांठावयाची असते किंवा मुलांनीं हट्ट धरलेला असतो.

संस्कृतांत ‘प्रमाद’ शब्दाचा मूळ अर्थ चूक असा नसून असावधपणा असा आहे. चूक हें त्याचें फळ. प्रमाद आमचा, आणि गजर यंत्राचा, अशी वांटणी करतां येत नाहीं. ज्यांचे मुलगे समुद्रावर आहेत त्यांनीं पुढील पत्रांत किंवा दूरध्वनीवर क्षेमकुशलाबरोबर एवढें अवश्य विचारावें: रात्रीं गजर लावतोस ना, त्याची मर्यादा कोणी ठरविली, आणि तो वाजला म्हणजे उठतोस कीं कूस बदलतोस? आणि ज्यांना येत्या सुटींत मुलांसह भंडारदऱ्यास जावयाचें आहे, त्यांनीं होडीचें भाडें ठरविण्यापूर्वीं जाकिटें मोजावीं. माणसें आठ आणि जाकिटें पांच असतील तर तिघांनीं कांठावर बसून जलाशयाची शोभा पाहावी. ती तेथूनही चांगली दिसते.