साल्व्हियाचं रोप दुसऱ्या वर्षाला न्यायचं कसं?



लाल साल्व्हिया आपण सगळ्या ओळखतो. शाळेच्या, पंचायतीच्या वाफ्यात हिवाळ्यात हमखास असतो. पण आता नर्सरीवाले वेगळे प्रकारही आणायला लागलेत: मखमली जांभळ्या तुऱ्यांचा, पान चुरगळलं की अननसाचा वास येणारा, काळ्या बोंडीतून उमलणारा गडद निळा. दिसायला सुंदर, आणि लालपेक्षा बरेच महाग. एका गटात तर अशी शंभर रोपं आणून विकण्यासाठी अंतर्गत कर्जाचा विषय निघाला. तिथं जे बोलले तेच इथं लिहिते: शंभर आणू नका, दोन आणा. हिवाळ्यात घेतलेली ही रोपं आपल्याकडे बहुतेक वेळा पुढचा दसरा बघत नाहीत. न खपलेली रोपं मेली, तरी हप्ता सुटत नाही.

ती मरतात का, ते आधी समजून घेऊ. साल्व्हिया आपल्या तुळशी-पुदिन्याच्याच कुळातला. देठ बोटात फिरवून बघा, तुळशीसारखाच चौकोनी लागतो. जगात याचे सुमारे हजार प्रकार आहेत. जांभळा मखमली आणि अननसाच्या वासाचा, हे दोन्ही मूळचे मेक्सिकोच्या डोंगराळ भागातले. अननसवाला तर तिथल्या ओक-पाइनच्या उंच जंगलातला. तिथं हवा थंड, मुळाशी पालापाचोळा, आणि पाऊस पडला तरी उतारावर पाणी थांबत नाही. थंडीच्या देशात या रोपांना नाजूक म्हणतात ते बर्फामुळे. तिकडची माणसं हिवाळा यायच्या आत फांद्या लावून त्या घरात ठेवतात आणि वसंतात बाहेर काढतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण एप्रिलचं ऊन आणि जुलैचा चिखल आहे. म्हणून युक्ती तीच, फक्त महिने उलटे. आपण उन्हाळा-पावसाळ्यात रोप आडोशाला जपायचं.

फांद्या लावायच्या फेब्रुवारीत, ऊन तापायच्या आधी. जास्वंदीची जाड काडी खोचतो तसं इथं चालत नाही, कोवळा हिरवा शेंडा लागतो. फूल किंवा कळी नसलेला, चार-पाच बोटं लांबीचा शेंडा सकाळी लवकर कापा. काप पेराच्या अगदी खाली घ्या, कारण मुळं बहुतेक तिथूनच फुटतात. खालची पानं काढा, वरची मोठी असतील तर अर्धी कापा. नाहीतर मुळं नसताना पानांतून पाणी उडत राहतं आणि शेंडा माना टाकतो. जाडी वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घ्या. कोकोपीट नसेल तर चाळलेली भुसभुशीत माती चालेल, पण शेणखत या टप्प्यावर अजिबात नको, देठ कुजतो. मुळं फुटायची पावडर दुकानात मिळते, तीही विकत घ्यायची गरज नाही. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचं बूड कापून ती शेंड्यावर पालथी घाला. उजेड हवा, थेट ऊन नको. दिवसातून एकदा बाटली थोडा वेळ काढा, म्हणजे बुरशी धरत नाही. साधारण तीन आठवड्यांनी शेंडा हळूच ओढून बघा. अडकल्यासारखा लागला की मुळं धरली.

मग पिशवीत हलवा आणि पूर्वेच्या भिंतीला ठेवा. सकाळचं कोवळं ऊन मिळावं, दुपारी सावली. उन्हाळ्यात फुलं येऊ द्यायची नाहीत, शेंडे खुडत राहायचं. पावसाळ्यात पिशव्या वळचणीला, पण पागोळ्यांच्या आत ठेवा. खाली दोन विटा द्या. इतकं केलं तरी काही रोपं जातातच. म्हणून दोन हवी असतील तर सहा लावा.

खरी कमाई सप्टेंबरात. जगलेल्या रोपांचे शेंडे त्याच पद्धतीनं पुन्हा लावायचे. समजा चार रोपं राहिली, प्रत्येकाचे आठ शेंडे निघाले आणि त्यातले निम्मे लागले, तरी सोळा रोपं झाली, तीही विकतचं रोप न आणता. पिशवीवर जातीचं नाव आणि तारीख लिहाच, फूल नसताना गोंधळ होतो. विकायची मात्र पहिला तुरा दिसल्यावर. नुसत्या हिरव्या पानाला गिऱ्हाईक हात लावत नाही.

लाल साल्व्हियासाठी एवढी खटपट नको, बी स्वस्त असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात टाका. बी मातीत पुरू नका, त्याला उगवायला उजेड लागतो. वरून नुसतं दाबा.

गटात चिया पॅक करणाऱ्या ताईंसाठी एक गोष्ट: चिया हाही साल्व्हियाच, सब्जा मात्र तुळशीचा भाऊ. सब्जा एकसारखा काळा असतो आणि पाण्यात मिनिटांत फुगतो. चियाचे दाणे करडे, तपकिरी, ठिपकेदार असतात आणि फुगायला जास्त वेळ घेतात. एकाच्या पाकिटावर दुसऱ्याचं नाव नको.

अननसवाल्याची पानं चहात घालतात, छान लागतात. पण नर्सरीतून नुकतं आणलेलं रोप फवारलेलं असू शकतं, त्याची पानं खाऊ नका. स्वतः वाढवलेल्या रोपाची नवीन पालवी वापरा. बाकीच्या शोभेच्या जाती चहात नकोतच.

आणि हो, जांभळा आणि अननसवाला दिवस लहान झाल्यावरच फुलतात. रात्रभर जळणाऱ्या दारातल्या बल्बखाली किंवा रस्त्याच्या दिव्याखाली कुंडी असेल, तर रोपाला रात्र झाल्याचं कळतच नाही आणि फुलं रखडतात. दसऱ्यानंतर कुंडी अंधाऱ्या बाजूला सरकवा.